औषध, ताट आणि मात्रा
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला तो वजनाचा. वजन कमी करण्याची इंजेक्शने निघाली आहेत, ती घ्यावीत की नाही, नुसते पथ्य पुरत नाही का, असे प्रश्न हल्ली घरोघरी निघतात. लग्नाच्या मांडवात, पाण्याच्या नळावर, अगदी वंदना झाल्यावर चपला घालता घालताही निघतात. कोणी म्हणेल, धम्माच्या व्यासपीठावर पोटाच्या घेराची चर्चा कशाला? पण खुद्द तथागतांनी हा विषय वर्ज्य मानलेला नाही.

संयुत्त निकायात कोसल देशाच्या राजाची, पसेनदीची, एक हकीकत आहे. हा राजा भगवंतांचा समवयस्क आणि उपासक. तो एका वेळेला दोणभर तांदळाचा भात जेवायचा. एकदा असाच गच्च जेवून धापा टाकत तो भगवंतांपाशी येऊन बसला. भगवंतांनी त्याला हिणवले नाही. उद्यापासून उपाशी राहा, असेही सांगितले नाही. जो सजग राहून जेवणाची मात्रा ओळखतो त्याचे क्लेश कमी होतात, तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. त्याबद्दल रोजचे शंभर कहापण ठरवून दिले. पुढे हळूहळू राजा नाळीभर भातावर आला, अंगाने हलका झाला आणि स्वतःच्या अंगावरून हात फिरवून भगवंतांचे उपकार मानू लागला.

या छोट्या गोष्टीत आजच्या वैद्यकाला पटेल असे बरेच आहे. एक तर घाई नाही, हळूहळू कमी करणे आहे. दुसरे म्हणजे सगळा भार राजाच्या निश्चयावर टाकलेला नाही. रोज ताटावर बसल्यावर "आता पुरे" अशी आठवण देणारे कोणीतरी शेजारी उभे केले आहे. आज ज्या औषधांची चर्चा आहे त्यांचे काम बरेचसे या सुदस्सनासारखेच आहे. ते कसे, हे आम्ही पुढे सांगणार आहोत. त्याआधी आपल्या घरांकडे पाहू.

भुकेचा इतिहास आणि पोटाचा घेर

आपल्या समाजात लठ्ठपणाबद्दल बोलताना जपून बोलावे लागते. आपल्या पणजोबा-आजोबांनी दारोदार मागून आणलेल्या शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच आयाबायांनी सुकडी आणि मिलो खाऊन खडी फोडली. त्या पिढीला अंगावर थोडे मांस आले की "आता बरं चाललंय" असे वाटायचे. "खात्यापित्या घरची दिसते" ही सुनेला मिळालेली शाबासकी होती. जिने स्वतः उपास काढले ती आई लेकराला "थोडंच खा" असे कोणत्या तोंडाने म्हणेल? म्हणून कोणी डॉक्टर सहज म्हणून गेला की "आजी, खाणं कमी करा," तर तो शब्द आजीच्या जिव्हारी लागतो. आम्ही हे समजून घेऊनच बोलत आहोत.

पण भुकेचा हा इतिहास शरीरातही शिल्लक राहतो, असे संशोधक सांगतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. त्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण तपशिलात मोजमाप केल्यावर दिसले ते असे की आपल्या बाळांत कमी पडले होते मांस. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला हडकुळे, आतून चरबीचे. २००४ साली याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के!

म्हणून आपल्याला गोऱ्या लोकांची मापे लावून चालत नाही. वजन किलोत घ्यायचे, उंची मीटरमध्ये घ्यायची, उंचीला उंचीनेच गुणायचे आणि त्या आकड्याने वजनाला भागायचे. येते ते बीएमआय. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन ठरवले की आपल्याकडे २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरावा. म्हणजे पाच फूट उंचीच्या ताईचे वजन ५८ किलोच्या वर गेले की ती या मापात आली. आणि ज्याला गुणाकार-भागाकार नको त्याने शिवणकामाची टेप घ्यावी. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटर, ही सीमारेषा. इंचात सांगायचे तर अनुक्रमे साडेपस्तीस आणि साडेएकतीसच्या जवळपास.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेही सुमारे १०.१ कोटी, आणि पोट सुटलेली प्रौढ माणसे शंभरात जवळजवळ चाळीस. हा आता बंगल्यातला रोग राहिलेला नाही. चाळीत, झोपडपट्टीत, गावकुसाला, सगळीकडे आहे. बसून काम, पहाटेची पाळी, ड्युटीवर वडापाव, दिवसाला पाच-सहा कप गोड चहा आणि रात्री दहाला मुख्य जेवण, असा ज्याचा दिनक्रम त्याचे पोट सुटले तर त्यात त्याच्या शीलाचा दोष शोधू नये.

कमी झालेले वजन परत का येते?

"डॉक्टर, मी आठ किलो कमी केलं होतं, वर्षात दहा किलो वाढलं." हे वाक्य आम्ही कितीदा ऐकले त्याची गणती नाही. बोलणाऱ्याचा चेहरा गुन्हेगारासारखा पडलेला असतो. घरचे म्हणतात, हिला जिभेवर ताबाच नाही. हा आरोप बहुतेक वेळा अन्यायाचा असतो.

१९९४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन नावाच्या द्रव्याचा शोध लावला. हे द्रव्य आपल्या चरबीतूनच निघते आणि मेंदूला कळवते की कोठारात माल आहे. चरबी घटली की लेप्टिन घटते, आणि मेंदू समजतो की दुष्काळ पडला. मग तो भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च आवरतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लठ्ठ माणसांना दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवून वजन उतरवले. वर्षाने पुन्हा रक्त तपासले, तर भूक वाढवणारी द्रव्ये वर्षानंतरही चढलेलीच, आणि पोट भरल्याचे सांगणारी उतरलेलीच. शरीराला दुष्काळ आणि पथ्य यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही सारखेच.

तेव्हा लठ्ठपणा हा रक्तदाबासारखा, मधुमेहासारखा दीर्घकाळ चालणारा आजार आहे, ही गोष्ट आधी मनात पक्की करावी. महिन्याभराच्या उपासाने तो जात नाही. महिन्याभराच्या गोळ्यांनीही जात नाही.

औषधांनी दिलेले धडे

औषधाने वजन उतरवण्याचा उद्योग जुना आहे आणि त्यात माणसे फसलीही आहेत. अमेरिकेत १९९२ साली डॉ. वाइनट्रॉब यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १२१ लठ्ठ माणसे घेतली. सर्वांना आहार, व्यायाम आणि सवयी बदलण्याचे शिक्षण दिले. निम्म्यांना त्यासोबत फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन ही दोन औषधे दिली. ३४ आठवड्यांनी औषधवाल्यांचे वजन सरासरी १४ किलोंनी उतरले, बाकीच्यांचे साडेचार किलोंच्या आसपास. झाले! गल्लोगल्ली वजनाचे दवाखाने निघाले. पथ्य आणि शिक्षण मागे पडले, गोळ्यांच्या चिठ्ठ्या तेवढ्या फाटू लागल्या. जुलै १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी या गोळ्या घेतलेल्या २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचे जाहीर केले, आणि सप्टेंबर १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून काढून घेतले गेले.

दुसरा धडा सिबुट्रामिनचा. या औषधाबद्दल अमेरिकेतील डॉ. वॉडन यांनी २००५ साली फार उपयुक्त अभ्यास केला. २२४ माणसांचे गट पाडले. वर्षाच्या शेवटी नुसत्या औषधाने सरासरी ५ किलो वजन उतरले. नुसत्या आहार-व्यायामाच्या शिस्तीने ६.७ किलो. आणि दोन्ही एकत्र केल्यावर १२.१ किलो! औषध आणि ताट यांची जोडी का लागते, हे याहून सोप्या आकड्यांत सांगता येणार नाही. एकट्या गोळीपेक्षा एकटे पथ्य सरस ठरले आणि जोडी दोघांहून सरस ठरली. पण पुढे मोठ्या पाहणीत दिसले की हृदयविकार असलेल्यांत सिबुट्रामिनमुळे झटक्याचा धोका वाढतो. २०१० साली अमेरिका-युरोपात ते मागे घेतले गेले, २०११ साली भारतात त्यावर बंदी आली.

हे सांगण्यामागे घाबरवण्याचा हेतू नाही. औषध वजन उतरवते की नाही एवढेच विचारू नये. ते बरीच वर्षे घेतल्यावर हृदयाचे, मूत्रपिंडाचे काय होते हेही विचारावे, इतकाच हेतू.

आजची औषधे काय करतात?

आज उपलब्ध असलेल्यांपैकी एक जुने औषध म्हणजे ऑरलिस्टॅट. १९९९ पासून ते अमेरिकेत वापरात आहे, आपल्याकडेही मिळते. ते जेवणातील तेला-तुपाचा साधारण तिसरा हिस्सा पचू देत नाही. तो शौचावाटे निघून जातो. म्हणून ज्याने हे औषध चालू ठेवून भजी खाल्ली त्याला दिवसभर संडासाची वाट धरावी लागते. औषधच पथ्य पाळायला लावते म्हणा ना! स्वीडनमध्ये ३३०५ माणसांवर चार वर्षे चाललेल्या अभ्यासाचा निकाल २००४ साली आला. आहार-व्यायामासोबत ऑरलिस्टॅट घेणाऱ्यांचे वजन चार वर्षांनी ५.८ किलोंनी कमी होते, नुसत्या आहार-व्यायामाने ३ किलोंनी. आकडे लहान वाटतील, पण मधुमेह होण्याचे प्रमाण ३७ टक्क्यांनी घटले.

दुसरी म्हणजे ज्यांची सगळीकडे चर्चा आहे ती इंजेक्शने. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचे द्रव्य सुटते. ते मेंदूला सांगते, "पोट भरलं, पुरे." जठरालाही सांगते की सावकाश रिकामे हो. पण आपले नैसर्गिक द्रव्य काही मिनिटांतच विरते. अमेरिकेच्या वाळवंटात गिला नावाचा विषारी सरडा असतो. त्याच्या लाळेत या द्रव्यासारखेच, पण जास्त वेळ टिकणारे द्रव्य सापडले. त्यावरून मधुमेहाचे पहिले औषध २००५ साली आले. त्याच घराण्यातले पुढचे सेमाग्लुटाईड आठवड्यातून एकदा टोचायचे. टिर्झेपाटाईड हे त्याहून पुढचे; ते आतड्यातील दोन द्रव्यांचे काम करते. भारतात टिर्झेपाटाईड मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाईडचे वजनासाठीचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये विक्रीला आले.

सेमाग्लुटाईडचा मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. १९६१ माणसे, ६८ आठवडे. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले, खोटे इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. टिर्झेपाटाईडच्या २०२२ सालच्या अभ्यासात सर्वांत मोठ्या मात्रेला उतार २०.९ टक्के होता. म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाचे वजन बारा-सतरा किलोंनी कमी. शिवाय २०२३ साली आलेल्या, हृदयविकार असलेल्या १७ हजारांहून अधिक माणसांच्या अभ्यासात सेमाग्लुटाईडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले.

आता या आकड्यांकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. या अभ्यासांत दोन्ही गटांना पथ्य होते. रोज पाचशे कॅलरी कमी खायच्या आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालायचे, असे सांगितलेले होते. तरी नुसत्या सल्ल्याने २.४ टक्केच उतरले. म्हणजे या नव्या इंजेक्शनांच्या बाबतीत वजनाचा बहुतेक उतार औषधाचा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मग पथ्याचे काम काय उरले? बरेच उरले.

ताटाचे काम

भूक कमी झाली म्हणजे माणूस कमी खातो, पण काय कमी खातो हे औषध ठरवत नाही. ज्याची भूक निम्मी झाली आणि त्या निम्म्या भुकेत त्याने चहा-खारी खाल्ली, त्याच्या अंगातली चरबी जाईल आणि तिच्याबरोबर मांसही जाईल. आपल्याकडे मुळातच मांस कमी, हे आताच सांगितले. साठीच्या पुढच्या बायांच्या पायांतले बळ गेले, की त्या न्हाणीघरात पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. तेव्हा औषध चालू असताना ताटात आधी प्रथिने यावीत. मटकी, हरभरा, चवळीची उसळ, घट्ट वरण, अंडी, दही-ताक, सोयाबीन, मासळी, सुकट, बोंबील, कोंबडी, ज्याला जे चालते ते. साधारण नियम असा की वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात. मूत्रपिंडाचा आजार असेल त्याने मात्र हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबिरीचा, पाव भाग उसळ-वरण-मासळीचा, उरलेला पाव भाग भाकरी, पोळी किंवा भाताचा. उसळ आणि भाजी आधी, भात शेवटी. ज्वारी-बाजरीची भाकरी आपली जुनी सोबतीण आहे. गरिबीची खूण म्हणून तिला घराबाहेर काढू नका. तेल दर माणशी दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असावे. म्हणजे चार माणसांच्या घरात महिन्याला तीन किलो. आपल्या घरी किती डबे संपतात ते बाईमाणसांना पाठ असते, हिशेब करून बघा. चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप, म्हणजे आठ चमचे, चाळीस ग्रॅम, १६० कॅलरी. त्यात पोट भरत नाही की ताकद येत नाही. पाचवे शील पाळणाऱ्याचा तर आणखी एक फायदा आहे. दारूच्या एका ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात, साखरेत चार.

याउलट टोकही नको. कोणी नुसत्या काकडीवर राहतो, कोणी आठ दिवस लिंबूपाणी पितो. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे देहदंड सोसला, अंगाचा सापळा झाला, आणि त्यातून ज्ञान मिळत नाही हे ओळखून सुजाताची खीर स्वीकारली. मध्यम मार्ग हा केवळ तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातला शब्द नाही. तो ताटातही मांडता येतो.

औषध बंद केल्यावर

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. सेमाग्लुटाईडच्या त्याच अभ्यासातील काही माणसांवर औषध थांबल्यानंतर वर्षभर लक्ष ठेवले. उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग वर्षात परत आला. सुदस्सन गाथा म्हणायचा थांबला, की भूक पुन्हा बोलू लागते. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब वाढतो, तसेच हे आहे. म्हणून पुतणीच्या लग्नापुरते इंजेक्शन घेऊ, हळद लागली की बंद करू, असा विचार असेल तर पैसे पाण्यात घालू नका. ज्याने औषध चालू असतानाच्या शांत भुकेचा उपयोग करून ताट बदलले, चालण्याची सवय लावली, त्याच्या हाती औषध थांबल्यावरही काहीतरी राहते. ज्याने ताट तसेच ठेवले त्याच्या हाती रिकाम्या सिरिंजा राहतात. सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांना विचारावे: किती दिवस? महिन्याला किती खर्च? थांबवायचे झाले तर कसे?

औषध कोणी घ्यावे याचेही नियम आहेत. साधारणपणे बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार, अशांसाठी ही इंजेक्शने मंजूर झाली आहेत. २५ ला लठ्ठपणा सुरू होतो म्हणून २५ ला सुई टोचायची, असे नाही. गरोदर बाईने, मूल हवे असलेल्या बाईने, स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल त्याने, थायरॉईडचा एक विशिष्ट कर्करोग घराण्यात असेल त्याने डॉक्टरांना ते आधी सांगितलेच पाहिजे. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास होतात, म्हणून मात्रा महिन्या-महिन्याने सावकाश वाढवतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात. पोटात असह्य कळ येऊन पाठीकडे गेली तर थेट रुग्णालय गाठावे. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची मात्रा बदलावी लागते. पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्या मधुमेही उपासिकांनी तर हे आधी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. घाम सुटून चक्कर आली तर तेव्हा साखर तोंडात टाकण्याने शील मोडत नाही.

खर्चाचे बोलायलाच हवे. ही इंजेक्शने आली तेव्हा महिन्याचा खर्च हजारो रुपयांत होता, कित्येक घरांच्या किराण्याहून जास्त. सेमाग्लुटाईडच्या मुख्य पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यामुळे देशी कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी होते आणि भाव उतरतो. स्वस्त होणे चांगलेच, पण स्वस्त म्हणजे निर्धोक नव्हे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, कोणाच्या ओळखीने, पिशवीतून आलेले इंजेक्शन घेऊ नका. बिनलेबलच्या पुड्या, "सात दिवसांत सात किलो" म्हणणारे चूर्ण यांच्या वाटेला जाऊ नका. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नका. ज्याला औषध परवडत नाही त्याचे काही अडले असे समजू नये. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या आहार-व्यायामाने मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. त्यात मेटफॉर्मिनची गोळी जोडली तरी आकडा जवळपास तोच राहिला. म्हणजे जोडी नेहमीच लागते असे नाही. कोणते औषध, कोणाला आणि कशासाठी, यावर ते ठरते.

आणि ज्याला औषधाची खरी गरज आहे त्याने ते घेताना मान खाली घालू नये. बाबासाहेबांना मधुमेह होता, त्यांना इन्सुलिन घ्यावे लागे. माईसाहेब स्वतः डॉक्टर. त्यांच्या औषधाकडे आणि पथ्याकडे त्या लक्ष देत. भिक्खूंच्या चार गरजांतही चीवर, भिक्षान्न आणि निवारा यांच्या पंक्तीला भैषज्य बसवलेले आहे. औषध घेणे ही हार नाही.

विहाराने काय करावे?

एकट्याने हे जमत नाही, म्हणून शेवटी समितीपुढे आणि आपणा सर्वांपुढे काही सूचना ठेवतो. विहारात एक वजनकाटा, एक टेप आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र असावे. महिन्याच्या एका रविवारी वंदनेनंतर ज्याला हवे त्याने मोजून घ्यावे. आकडा ज्याचा त्याच्या वहीत, मोठ्याने वाचून दाखवायचा नाही. भोजनदानाच्या पंगतीत जिलेबीची दुसरी फेरी बंद करून उसळीची दुसरी फेरी सुरू करावी. वर्षावासाचे तीन महिने आषाढ पौर्णिमेपासून आपण ग्रंथवाचनाला देतोच. त्याच तीन महिन्यांत वाचनाआधी अर्धा तास सगळ्यांनी मिळून चालावे. आठवड्यातले पाच दिवस जरी झाले तरी दीडशे मिनिटे भरतात. ज्या बाया रात्री एकट्या रस्त्यावर चालायला बिचकतात त्यांना सोबत मिळेल.

आणि घरात एक करा. जाड बहिणीला, सुनेला, वर्गातल्या पोराला "ढब्बू" म्हणणे आजपासून थांबवा. टोमण्याने कोणाचे वजन उतरत नाही. टोमणा खाल्लेले पोर कोपऱ्यात जाऊन बिस्किटाचा पुडा फोडते. त्याच्या ताटाशेजारी बसा, तुमचेही ताट त्याच्यासारखेच वाढून घ्या. मात्रा शिकवायची ती अशीच शिकवता येते.

 सर्वांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो, ही मंगल कामना.

जयभीम. नमो बुद्धाय.